पाहुण्यांचा मुक्काम कुणाकडे

बोलायला उभा राहिलो की मला आधी एक आवाज ऐकू येतो आणि मग समोरची माणसं दिसतात. एकाहत्तर सालच्या जूनमधली ती सकाळ. गव्हाच्या टेकड्यांवरून ऊन अजून खाली उतरलं नव्हतं, आणि आपल्या गावातल्या घराघरांतून फिडलच्या, त्या गावरान व्हायोलिनच्या, तारा जुळवल्या जात होत्या. कुणाच्या ओसरीवरून, कुणाच्या न्हाणीघरातून, एक तर ब्रेक्क्यांच्या कोठारातून. एकाचा सूर दुसऱ्याशी लागत नव्हता, आणि तरी ते ऐकताना डोळे भरून येत होते. आपल्या फिडल मेळाव्याची ती पहिली सकाळ.

असो. आता रीतसर सुरुवात करतो. आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या नगराध्यक्ष लोरेटा सँडविगबाई, व्यासपीठावर बसलेले मुक्काम कर समितीचे सन्माननीय सदस्य डेल्बर्ट कून, आजच्या सत्कारमूर्ती आणि एकोणतीस वर्षं नगर कचेरीच्या चिटणीस असलेल्या आर्डिस हॉवलंड, ज्यांच्या भट्टीतल्या आंबटगोड ऱ्हुबार्ब-पायचा खमंग वास माझ्या भाषणाशी उघड स्पर्धा करतो आहे त्या भगिनी, आणि मित्रहो.

आर्डिस उद्यापासून कचेरीत नसेल. या बाईनं आपल्यासाठी काय केलं, असा प्रश्न विचारला तर पाण्याची बिलं, कुत्र्यांचे परवाने, स्मशानातल्या जागांचे नकाशे, असं काहीबाही तुम्ही सांगाल. मी एकाच अर्जाची गोष्ट सांगणार आहे. कारण तो अर्ज मी लिहिला होता, आणि त्याची किंमत तिनं मोजली.

अकरा वर्षांपूर्वी आपली शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली आणि व्यायामशाळेला कुलूप लागलं. मेळावा भरायचा कुठे? भाड्याचा मंडप हवा, रंगमंच हवा, सिअ‍ॅटलच्या वर्तमानपत्रांत जाहिरात हवी. चव्वेचाळीस वर्षांचा मेळावा बंद पडायची वेळ आली होती. तेव्हा कुणीतरी म्हणालं, मोटेलमध्ये राहणाऱ्यांकडून जो मुक्काम कर गोळा होतो, त्यातून पर्यटनासाठी अनुदान मिळतं. अर्ज कोण लिहिणार? सगळ्यांची बोटं माझ्याकडे. अडतीस वर्षं मुलांकडून कविता पाठ करून घेतलेला माणूस, अर्ज काय, चुटकीसरशी लिहील.

मी लिहिला. चौदा पानं. ‘किती पाहुणे येतील व ते कसे मोजणार?’ या प्रश्नाखाली मी लिहिलं होतं : जूनमधल्या वाऱ्याला विचारा, तो प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. आजही मला ते वाक्य वाईट वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत आला. समासात आर्डिसची पेन्सिल : ‘वाऱ्याला विचारलं. तो उत्तर देत नाही. आकडा लिहा.’

हसा, हसा. मीही हसलो होतो, पण नंतर. कारण खरा घोळ पुढच्या रकान्यात होता. पन्नास मैलांपलीकडून आलेल्यांपैकी पैसे देऊन किती जण मुक्काम करणार? मी अभिमानानं लिहिलं होतं : एकही नाही. आमच्या गावात पाहुण्याला मोटेलमध्ये झोपू देणं ही शरमेची गोष्ट आहे. एकशे बारा पाहुणे आमच्या घरी, आमच्या खाटांवर, आमच्या ताटावर.

ज्या करावर अनुदान उभं आहे, तो कर आमच्या पाहुणचारामुळे एक पैसाही जमत नाही, हे मी स्वतःच्या सुंदर अक्षरात कबूल केलं होतं.

समितीच्या बैठकीत मोटेलवाल्या डेल्बर्टनं अर्ज टेबलावर ठेवला. डेल्बर्ट, तुझे शब्द सांगू ना? सांगतो. हा म्हणाला, “मास्तर, मेळाव्याच्या तीन दिवसांत माझ्या बारा खोल्यांपैकी दोन भरतात. एकीत विमा विकणारा, दुसरीत बायकोनं बाहेर काढलेला नवरा. मी माझ्या गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, आणि तो माझं गिऱ्हाईक पळवणाऱ्यांना द्यायचा होय? वर त्यांच्या घरचा हॅम खाऊन शाबासकीही द्यायची?”

बैठक संपल्यावर मी आर्डिसला पायऱ्यांवर गाठलं. म्हटलं, “पन्नास लिही गं. कोण मोजायला येतंय?”

ती म्हणाली, “मास्तर, सातवीत मी शेजारणीच्या वहीत बघत होते, तेव्हा तुम्हीच मला उभं केलं होतं. तेव्हापासून मी न पाहिलेला आकडा लिहीत नाही. आता तुम्हीच सांगताय?”

अनुदान नाकारलं गेलं. त्या वर्षी मेळावा चर्चच्या मागच्या गवतावर भरला, दुसऱ्या दिवशी गारा पडल्या, आणि मी आर्डिसशी बोलणं सोडलं. होय, मीच. शिक्षक माणसाला अशी लाज उशिरा कळते.

तिनं मात्र काय केलं? जुन्या मेळाव्यांची नावनोंदणीची कार्डं घरी नेली आणि काम सुटल्यावर, स्वयंपाकघरातल्या फोनवरून, एकेका वादकाला विचारलं : खोलीचे पैसे द्यावे लागले तर याल का? मला वाटलं होतं, लोक शिव्या देतील. ते काय म्हणाले, हे कुणी म्हटलं ते न सांगता तिनं समितीपुढे वाचून दाखवलं. कुणी एक उंच म्हातारा म्हणाला होता, “बाई, खरं सांगू का? अकरा वर्षं मी एका शाळकरी पोराच्या खाटेवर झोपतोय. गुडघ्यापासून खाली पाय हवेत. पण ती माउली पहाटे चारला उठून पाव भाजते, तिला नाही कसं म्हणू?”

मग तिनं यजमानांना विचारलं. तिथेही तेच. एका बाईनं, ती आज इथे बसली आहे आणि मी तिच्याकडे बघत नाही आहे, कबूल केलं की पाहुण्यांना पलंग देऊन ती आणि तिचा नवरा तीन रात्री धान्याच्या ट्रकमध्ये झोपत. “पण कुणाला सांगू नकोस हं आर्डिस.”

म्हणजे पाहुणे अवघडलेले, यजमान दमलेले, आणि केवळ एकमेकांचं मन मोडू नये म्हणून चव्वेचाळीस वर्षं दोघेही हसतमुख. याहून मोठं प्रेम मी कुठल्या कवितेत वाचलेलं नाही. आणि याहून मोठा वेडेपणाही.

तेव्हापासून झोपणं पैसे देऊन डेल्बर्टकडे किंवा नदीकाठच्या तंबूंच्या तळावर, आणि न्याहारी घरोघरी, अशी रीत पडली. पुढच्या अर्जात आर्डिसनं लिहायला लावलेला आकडा होता त्रेसष्ट मुक्काम. प्रत्येकापुढे नाव. अनुदान मिळालं, मंडप आला, आणि परवापासून त्यात यंदाचा मेळावा भरतो आहे. डेल्बर्टच्या दारावर ‘जागा नाही’ची पाटी आज सकाळपासूनच लागली आहे, आणि ती त्यानं आतापर्यंत चारदा पुसून चकचकीत केली आहे.

इथे थांबलो असतो तर भाषण गोड झालं असतं. पण व्हर्नाचं नाव घेतल्याशिवाय मला बसता येणार नाही.

व्हर्ना ब्रेक्के ही आर्डिसची थोरली बहीण. आई गेली तेव्हा आर्डिस सहा वर्षांची होती. हिची वेणी घालण्यापासून हिच्या लग्नाचा केक करण्यापर्यंत सगळं व्हर्नानं केलं. मेळाव्यात सगळ्यांत जास्त पाहुणे व्हर्नाकडे. नऊ. त्या उंच म्हाताऱ्याचं बोलणं गावभर झालं, आणि गावात पहाटे चारला पाव भाजणारी बाई एकच होती. तिनं आर्डिसला विचारलं, “माझ्या घरी लोक अवघडतात, असं कोण म्हणालं?” आर्डिसनं नाव सांगितलं नाही. ज्याला शब्द दिला त्याचं नाव ती सांगत नसते. व्हर्ना म्हणाली, “मग माझंही नाव तुझ्या कागदातून काढ.” दहा वर्षं झाली दोघींचं बोलणं तुटून. एकाच रस्त्यावर, चार घरांच्या अंतरावर दोघी राहतात. चर्चमध्ये दोघींच्या मध्ये दोन बाकं. आणि तरी दर जूनला व्हर्नाच्या अंगणात नऊ चादरी दोरीवर वाळत असतात. कुणासाठी, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

आर्डिसनं या दहा वर्षांत तक्रार केली का? माझ्या कानावर तरी नाही. एकदाच, कचेरीत माझ्या अर्जावर शिक्का मारताना ती म्हणाली, “आकडा बरोबर होता ना, मास्तर?” मी म्हटलं, बरोबर होता. ती म्हणाली, “मग झालं.” आणि त्याच अर्जावर दुसऱ्यांदा शिक्का मारला.

तो अर्ज माझा होता. वाऱ्याचं कौतुक करण्यात मी रमलो नसतो आणि स्वतः चार फोन केले असते, तर त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याचा राग माझ्या वाट्याला आला असता. हे मी काल व्हर्नाच्या दारात जाऊन सांगितलं, दहा वर्षं उशिरा. जाळीच्या दारामागून तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, “मास्तर, ओव्हनमध्ये काहीतरी आहे,” आणि आत गेली. तेव्हा तिच्या वतीनंही, आर्डिस, आज मीच तुझे आभार मानतो. ते मानण्याचा अधिकार मला नाही, हे ठाऊक असूनही.

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं आहे. त्यांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, त्याबद्दल ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या जिभेवर जुन्या दिवसांचं गवत फार वाढतं. त्यात कुणाच्या पायाला काटा लागला असेल तर पोटात घालावं. आता जेवणाकडे…

मागचं दार कुणी ढकललं? वाट द्या जरा.

व्हर्ना. ये. आत ये ना, उंबऱ्यात नको उभी राहू. आणि हे गृहस्थ कोण? फिडलची पेटी दिसते आहे, म्हणजे आपलेच.

मागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल, म्हणून ही काय म्हणते ते सांगतो. हे मोंटानाहून आलेत. डेल्बर्टकडे जागा नाही, नदीकाठच्या तळावरही नाही, म्हणून कुणीतरी यांना हिच्या दारात पाठवलं. ही म्हणते : “याला मी ठेवून घेते. खाट लांब आहे, मी मोजली. पण मी पैसे घेणार नाही. तेव्हा आर्डिस, हा तुझ्या कागदात कुठल्या रकान्यात जातो ते मला आधी सांग.”

आर्डिस, ती तुला विचारते आहे. मी बसतो.