बीजाला ठेवलेल्या अळंब्या

सिसिलीच्या डोंगरातून बस झोके घेत उतरत होती. माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते.

"ताई, कड्यावर बघ. पांढऱ्या गिधाडाच्या घरट्यावर पोरं दुर्बीण लावून राखणीला बसलीत."

"बसणारच. बोटांवर मोजण्याइतकी गिधाडं उरलीत."

"आणि आपली पांढरी अळंबी? तीही संपत चालली. तिला कोण राखतं?"

"घरटं साऱ्या गावाला दिसतं, गांदोल्फो. अळंबीची जागा माणूस बायकोलाही सांगत नाही."

"सांगायची नसतेच. बाबांनी जाताना फक्त माझ्या कानात सांगितली. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही ना!"

"तुझ्या कानात? मला सांगितली होती! म्हणाले, भावाला कळू देऊ नकोस."

"कुठली? फुटक्या खडकामागची?"

"तीच. यंदा तिथं एकही उगवली नाही रे."

"बघून आलो मीही. पण मी अधाशी नाही हं, ताई. बाकीच्या घ्यायचो, पण दर वसंतात चांगल्या दोन बीजाला सोडायचो."

"खडकाच्या सावलीत? पाल्यानं झाकून?"

"हो. तुला कसं ठाऊक?"

"अरे देवा!"

"काय झालं, ताई?"

"मला वाटायचं, बाबाच वरून माझ्यासाठी ठेवतात. मी त्या खुडून आणायचे, लोण्यात परतायचे आणि रविवारी तुलाच जेवायला बोलवायचे."