वरच्या लेव्हलवर

घणसोलीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे तरुण नवराबायको उभे होते. दोघं मोबाइलवर एकच गेम खेळत होते.

“ऋता, तू अजून बाराव्या लेव्हलवर? मी साठाव्या. खरा गेम इथेच चालू होतो.”

“तिथे करतोस काय?”

“दर शनिवारी तोच राक्षस मारतो. तुला ओढून वर आणू का?”

“मग मधल्या लेव्हलची गावं कधी बघू? आपण सोबत खेळणार होतो, अभय.”

“वर एकट्याला बोर होतं गं.”

“मग खाली ये.”

“खाली येता येत नाही. नवीन कॅरेक्टर काढून पहिल्यापासून खेळावं लागेल.”

“काढ की.”

“नाव काय ठेवू?”

“तुझंच ठेव. शोधायला सोपं.”

माझी बस आली. मी ती सोडली आणि पुढच्या बसने गेलो.