चार उजव्या पायांचं अस्वल

...नाही नाही, तुम्ही हसा, पण पाठ कोणाची गेली, माझी का तुमची? तीन दिवस त्या उघड्या जीपमध्ये आदळून आदळून माझी हाडं जागा बदलून बसलीत, पहाटे चारला उठायचं, अंधारात उलटा स्वेटर घालायचा, आणि कशासाठी, तर राष्ट्रीय उद्यान बघायला. उद्यान म्हटल्यावर मला वाटलं बाकडी असतील, झोपाळा असेल... कसलं काय. नुसती झाडं. झाडामागे झाड, त्याच्यामागे त्याचा भाऊ. आणि अस्वल? अस्वल नाही.

हो, अस्वलच बघायचं होतं. मला नाही हो, आमच्या हिला. तुम्हाला सांगतो, हिने तीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या, तिथे वाफेत भिंतीवर एक कॅलेंडर, त्यावर नदीत उभं राहिलेलं अस्वल. वर्ष संपलं, हिने तारखा कापून टाकल्या, अस्वल ठेवलं. मी दरवर्षी म्हणायचो, नेतो गं, पुढच्या उन्हाळ्यात. आता हिचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, "आजी, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. नंतर किती चालाल, मी शब्द देत नाही. काय बघायचं असेल ते आत्ताच बघून घ्या." ही टेबलावरून उतरायच्या आत म्हणते, "अस्वल." डॉक्टरला वाटलं, त्यालाच म्हणाली.

तर निघालो. गेटवरचा कारकून विचारतो, "येण्याचं कारण?" म्हटलं, अस्वलाच्या मुलीचं स्थळ बघायला आलोय. हसला नाही मेला. मला लिहायला वेळ लागतो, नाव काढायलाच पाच मिनिटं, म्हणून फॉर्म हिने भरला, आणि कारणाच्या रकान्यात खरंच लिहिलं, अस्वल.

आमची गाईडबाई, गळ्यात दुर्बीण, सगळं कुजबुजत बोलणार. "काका, श्श... डावीकडे बघा... हळू... ते झाड तीनशे वर्षांचं आहे." अहो बाई, मी बहात्तर वर्षांचा आहे, माझ्याकडे बघून कोणी कधी कुजबुजलं का? दुसऱ्या दिवशी काय दाखवलं, तर अस्वलाची विष्ठा. तीही कालची. लोक फोटो काढतायत, कोण कोणाला दाखवणार होतं देव जाणे. आणि अस्वल? अस्वल नाही. ही आपली चष्मा पुसायची, बघायची, परत पुसायची. खोलीवर आल्यावर गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणते, "राहू द्या हो. झाडंही छान होती." भांडली असती तर चाललं असतं मला. पण हे... हे असलं बोलणं माणसाने झेलायचं कसं?

तिसरी फेरी, शेवटची. मधे एका ठिकाणी खाली उतरू देतात, संडास आहे तिथे, मागे ओढा. गेलो, तर काठाला चिखल असा मऊ, असा एकसारखा, जसा काही कोणी चाळून कालवून ठेवलाय. आणि मी जन्माचा गवंडी. हात शिवशिवला. मागे एकदा मी प्लॅस्टरचा पेरू करून टोपलीत ठेवला होता, हिने त्यावर सुरी मोडली, चार दिवस बोलली नाही, तेव्हा शपथ घातली होती मला, असली फसवाफसवी परत नाही म्हणून. पण म्हटलं, शपथ बघू का हिचं तोंड? दाबला पंजा. तळवा, पाच बोटं, किल्लीने नखं. एक, दोन, तीन, चार, ओढ्याकडे गेल्यासारखी. हात धुतले आणि दिली हाक.

आख्खी जीप धावली. गाईडबाई खाली बसली, ठसे बघितले, मग माझ्या नखांतला चिखल बघितला, आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "काका, अस्वलाला डावा पाय पण असतो." मेलो. घाईत चारही उजवे काढले होते मी! तेवढ्यात ही आली, एकेक पाऊल टाकत, दोन वर्षं न वाकलेले गुडघे कसेबसे वाकवून बसली आणि त्या ठशात आपला हात ठेवला. काढेच ना. गाईडबाईने हिचं तोंड बघितलं, घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाली, "ताजा ठसा. म्हातारा नर. जरा वात्रट."

झालं, परत फिरलो, मी खूश, आणि वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आणि अस्वल? अहो, अस्वल! खरंखुरं, वीस पावलांवर, रस्त्याच्या मधोमध, मागच्या पायांवर उभं राहिलं, हुंगलं, आमच्याकडे बघितलं. जीपमध्ये कोणी श्वास घेईना, आणि ही? तोंड दाबून हसतेय. मला कोपर मारून म्हणते, "पंजे तुमचे होते ते मला तिथेच कळलं, चाळीस वर्षं बघतेय तो हात. पण हे... अहो, आत कोणाला घातलंत?"

अगं, खरं आहे, म्हटलं. तर ही म्हणते, "हो, पेरू पण खरा होता." गाईडबाईने गळ्याशपथ सांगितलं, तर हिचं म्हणणं, "बाई पण सामील." अस्वल झाडीत शिरलं, हिने त्याला हात केला. "दमला असेल हो बिचारा. किती उकडत असेल आत."

आता ऑपरेशन झालंय. भेटायला येईल त्याला पडल्या पडल्या सांगते, "अस्वल काय, कोणालाही दिसतं. आमच्या ह्यांनी जंगलात माणूस उभा केला माझ्यासाठी." आणि सांगताना तोंड असं काही उजळतं की... मी खरं सांगायचं सोडलं. नुसती मान डोलावतो. नर्सबाई रोज काठी देऊन चालवते तिला. परवा खिडकीपर्यंत पोचली, धापा टाकत टाकत म्हणाली, "पुढच्या उन्हाळ्यात हत्ती." वर मलाच शिकवते, हत्तीला आत दोन माणसं लागतात, एक पुढे, एक मागे. मागचे पाय मी होईन हो, माझं काय... पुढचे कोण होतंय तुमच्यातलं, बोला.