आईच्या गोळ्यांची बाटली

बाबा : लिहून ठेव. आपल्या घराण्यात शंभरी गाठणारा पहिला माणूस मी. हाडं कशी सागवानासारखी झालीत.

मुलगी : हात हलवू नका, सलाइनची सुई निघेल. रक्तात कॅल्शियम इतकं वाढलंय बाबा, की मूत्रपिंडं टेकीला आलीत. ‘ड’ जीवनसत्त्वाची ती गोळी आठवड्यातून एक घ्यायची. तुम्ही रोज घेत होतात.

बाबा : पॉलिशचा एक हात जास्त बसला म्हणून कपाट बिघडल्याचं मी जन्मात पाहिलं नाही.

मुलगी : तुम्ही कपाट नाही. गोळी फार झाली की कॅल्शियम हाडांतूनसुद्धा निघून रक्तात उतरतं. म्हणून ती तहान, ती असंबद्ध बडबड. परवा तुम्ही स्वयंपाकघरातल्या फडताळाशी बोलत होतात.

बाबा : माझ्या हातचं आहे. ख्यालीखुशाली विचारायला नको?

मुलगी : हसू नका. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर मूत्रपिंडं कायमची गेली असती. या गोळ्या दिल्या कोणी?

बाबा : तुझ्या आईच्या. उरलेल्या. टाकवेनात.

मुलगी : आईला जाऊन दीड वर्ष झालं. उरली होती अर्धी बाटली. पलंगाखाली रिकाम्या बाटल्यांचा ढीग आहे.

बाबा : संपली की नवी आणायचो. बसथांब्याजवळच्या औषधवाल्याकडून.

मुलगी : इतक्या लवकर संपते कशी, असं विचारलं नाही त्याने?

बाबा : विचारलं. म्हटलं, बाईंच्या हातून सांडतात.

मुलगी : आई गेल्याचं त्याला माहीतच नाही?

बाबा : आपल्या गल्लीत सगळ्यांना माहितेय. तो एकटाच राहिलाय. पुडी बांधताना विचारतो, ‘ताई कशा आहेत?’ मी सांगतो, ‘बऱ्या आहेत. जिना चढतात आता.’ तो म्हणतो, ‘गोळी लागू पडली म्हणायची.’ तिची चौकशी दुसरं कोण करतं गं?

मुलगी : मग नुसत्या आणून ठेवायच्या होत्या. खायच्या कशाला?

बाबा : बाटली संपल्याशिवाय पुन्हा जाणार कसा? आठवड्याला एक घेतली तर ती संपता संपत नाही.



मुलगी : आता मीच जाऊन सांगते त्याला.

बाबा : सांग. फक्त आधी त्याला स्टुलावर बसव.