भीमराजच्या हाताला मेंदी

रंभाजी: ...मी काय म्हनतो, रेंज गेली आसंल. लोक न्हाई गेले. रेंज गेली.

ज्ञानेश्वर: अण्णा, सगळ्या राहाता तालुक्याची रेंज एकदम कशी जाईल? हे बघा. ही रेघ म्हणजे किती लोक व्हिडिओ बघत थांबले. इथं तुम्ही गोठ्यात खुर्ची टाकून बसलात. इथं खाकरलात.

रंभाजी: मग?

ज्ञानेश्वर: खाकरल्यावर निम्मे गेले.

रंभाजी: जाऊ दे. निम्मे ऱ्हायले ना?

ज्ञानेश्वर: ते 'आमच्या टायमाला' म्हणालात तिथं गेले.

पंकजा: भावजी, मागचा व्हिडिओ दावा ना. माझा आवाज होता तो. अण्णांनी आवाज कापायला लावला त्याच्या आधीचा.

रंभाजी: सूनबाई, वैरन टाक जा तू.

पंकजा: टाकली, अण्णा. मुरघास टाकला, पानी दावलं. आता तेवढी रेघ बघायची राहिलीय.

ज्ञानेश्वर: हा बघा. इथं तुम्ही, घसरली. इथं वहिनीचे हात आले कासेपाशी, वहिनी बोलायला लागली... चढली की नाही? लोक मागं जाऊन पुन्हा पुन्हा बघतायत.

रंभाजी: हातात काय बघायचं?

पंकजा: धार. पहिलारू गाय लाथ मारती, तिला कसं चुचकारायचं. ते तुमी खुर्चीवरून सांगता. शेवटची धार कधी काढली, अण्णा?

रंभाजी: ज्ञाना, हिला काय पायजे इचार.

पंकजा: त्यांना कशाला? मी हितंच उभी हाय. आजचं लाईव्ह मी करनार. नुसते हात न्हाई, नुसता आवाज न्हाई. तोंड दावून, नाव सांगून.

रंभाजी: गोरक्ष काय म्हनतो?

पंकजा: तुमचा लेक म्हनतो, अण्णांना इचार.

रंभाजी: मग इचारलंस. मी न्हाई म्हनतो.

पंकजा: इचारलं न्हाई मी. सांगितलं.

रंभाजी: आसं? ज्ञाना, ते दाव हिला. बघनारे कोन कोन हायेत ते. परवा मला दावलं हुतं ना.

ज्ञानेश्वर: वहिनी, आपलं पेज बघणारे शंभरात नव्वदच्या वर पुरुष आहेत.

रंभाजी: ऐकलं? इतक्या गड्यांम्होरं माझी सून तोंड दावनार. लोक काय म्हनतील?

पंकजा: लोक काय म्हनतील ते राहू द्या. काय म्हनत्यात ते वाचू. भावजी, व्हिडिओखाली त्या भीमराज थोरातांनी काय लिहिलंय?

ज्ञानेश्वर: भीमराज... सापडला. 'हाताला मेंदी काढल्यापासून गाय सडाला हात लावू देत नाही. उपाय सांगा.' ...अरेच्चा.

रंभाजी: कोन हा भीमराज?

पंकजा: फोटोत मिशा हायेत चांगल्या. मेंदी किती काढतो ते दिसत न्हाई.

ज्ञानेश्वर: थांबा, थांबा. हे मी बघितलंच नव्हतं. रामहरी शेळके: 'बांगड्या वाजल्या की म्हैस पान्हा चोरते.' आणि हे रंगनाथ कडू: 'सातवा महिना चालू आहे, खाली बसून धार काढवत नाही, काय करावं?'

रंभाजी: सातवा म्हैना? गाभन गायीची धार कशाला काढतोय येडा?

पंकजा: सातवा गायीला न्हाई, अण्णा. रंगनाथला.

ज्ञानेश्वर: वहिनी, हसवू नका, मोबाईल शेणात पडेल.

पंकजा: आपल्याकडं घरोघर धार कोन काढतं? बाया. मोबाईल कोनाच्या नावावर? गड्याच्या. दुपारी तो लवंडला की त्याच्या उशाचा उचलायचा, आवाज बारीक करायचा अन् बघायचं. यंत्राला मिशावाला फोटो दिसतो, त्यानं गडी मोजला. त्याला तरी काय बोलायचं? डेअरीत आपलं दूध कोनाच्या नावानं जातं?

रंभाजी: माझ्या.

पंकजा: झालं तर.

रंभाजी: काय झालं तर? बारा गावांत ऊठबस हाय माझी. उद्या कुनी पारावर म्हनलं, रंभाजीची सून मोबाईलमधी दिसती, मी काय सांगू?

पंकजा: सांगा, व्हय, दिसती. गोठ्यात दिसती, गायीपाशी दिसती. दुसरीकडं कुठं दिसली तर मला कळवा.

रंभाजी: जीभ लई चालाया लागली. पेज माझ्या नावाचं हाय! ज्ञाना, बंद करता येतंय का न्हाई?

ज्ञानेश्वर: येतं.

रंभाजी: मग हिनं तोंड उघडलं की कर.

पंकजा: करा. पन लाईव्ह चालू झाल्यावर करा, लोकांदेखत. माझं बोलनं आजवर मागून गुपचूप कापलं, आज पुढून कापा. भावजी, धरा मोबाईल. गायीकडं नको. माझ्याकडं.

ज्ञानेश्वर: अण्णा, काय करू...

पंकजा: अण्णांकडं काय बघताय? झालं का चालू?

ज्ञानेश्वर: ...झालं.

पंकजा: रामराम. मी पंकजा. आजवर तुमी माझे हात बघितले, त्या हातांचं हे तोंड. मेंदीचं आधी सांगते. गाय मेंदीला भीत न्हाई, वासाला बिचकती. हात धुवा, तिचंच चार थेंब दूध तळव्याला चोळा, मग सडाला हात घाला. बाकीचं पुढं. त्याआधी एक काम हाय. हे यंत्र म्हनतंय, माझ्यापुढं सगळे गडी बसलेत. मला खोटं वाटतंय. ज्या बाया नवऱ्याच्या, दिराच्या, सासऱ्याच्या मोबाईलवर बघत असतील, त्यांनी आपलं नाव लिहा. गाव नको, आडनाव नको. नुसतं नाव.

रंभाजी: काय आलं?

ज्ञानेश्वर: काही नाही अजून.

रंभाजी: म्हनलं न्हवतं? कर बंद.

पंकजा: मी थांबते.

रंभाजी: किती थांबशील?

पंकजा: लग्न झाल्यापासून थांबलेच हाय.

(मोबाईलच्या पडद्यावर ओळी उमटू लागतात; ज्याच्या हातात मोबाईल, तो त्या मोठ्याने वाचतो.)

भीमराज थोरात: नाव लिहिलं तर ह्यांना दिसेल ना?

पंकजा: दिसंल. खोटं कशाला सांगू? मीबी सासऱ्यासमोर उभी हाय.

भीमराज थोरात: मोनिका.

मोनिका: मेंदी माझीच.

ज्ञानेश्वर: वहिनी...

पंकजा: वाचत राहा.

रामहरी शेळके: छबूबाई.

छबूबाई: बांगड्या काडू का न्हाई ते सांग बाई आदी.

रंगनाथ कडू: संस्कृती.

संस्कृती: आठवा लागला आता.

रंभाजी: ज्ञाना, बंद कर म्हनलं ना!

ज्ञानेश्वर: माझ्याच्यानं नाही होत, अण्णा. हे घ्या, तुम्ही करा. इथं वर फुली आहे, तिच्यावर बोट ठेवायचं.

रंभाजी: आन इकडं. कुठंय फुली... हे काय, सुनील गाडेकर? हे तर आपले जावई.

ज्ञानेश्वर: त्यांनी काय लिहिलंय?

सुनील गाडेकर: सृष्टी.

रंभाजी: आपली सृष्टी?

सृष्टी: अण्णा, मी रोज बघते. वहिनीचा आवाज का बंद केला?

ज्ञानेश्वर: ताईला लग्नात नवा मोबाईल दिला होता की आपण.

सृष्टी: तो धाकट्या दिराकडं असतो.

पंकजा: वन्सं, जेवलात का?

सृष्टी: आधी धार, मग जेवण. तुम्हाला माहिती आहे.

पंकजा: माहिती हाय. अण्णा, बोट ठेवताय ना फुलीवर?

ज्ञानेश्वर: अण्णा, फुली वर आहे. बोट कॅमेऱ्यावर आलंय तुमचं.

पंकजा: ठेवा. मी दुसऱ्या नावानं पेज काढीन. माझ्या.

सृष्टी: वहिनी, अंधार दिसतोय. तुम्ही आहात ना?

रंभाजी: ...काढलं बोट. पंकजा, पदर जरा मागं घे. सृष्टीला तोंड दिसंना तुझं.