वारंगा फाट्यावरचा फोन

२००३ सालची गोष्ट. वारंगा फाट्यावरच्या एसटीडी बूथवर माझ्या पुढं एक म्हातारा-म्हातारी होती. त्यांच्या लेकीनं आठ वर्षांमागं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून बोलणं बंद होतं. आज ती नवऱ्यासोबत नागपूरहून गाडीनं येत होती. म्हातारीनं हे सगळं रांगेतच मला सांगून टाकलं. तेवढ्यात जावयाच्या मोबाईलवर फोन लागला.

"जावाई, मी मोहिनीचा बाप, संपतराव. व्हय, मीच बोलून राहिलो."

"अवं, अदुगर जेवले का ते इचारा."

"थांब जरा. हे बघा, फाट्यावरून बाळापूरच्या रस्त्याला लागा. म्होरं मोठी चिंच लागंल, तिथून डावीकडं वळा."

"चिंच तर मागच्या सालीच तोडली."

"मंग जिथं चिंच न्हाई, तिथून डावीकडं."

"आता त्यायला काय कळंल?"

"डोंगर चढताना मेंढरं आडवी आली तर हॉर्न वाजवू नका, आपलीच हायेत. वर निळ्या दाराचं घर दिसंल."

"दार कालच रंगवलं म्हणावं, हात लावू नका."

"सांगतो ना. तुमी कुठवर आलात? फाट्यावर? च्या पिऊन राहिलात? कोन्त्या फाट्यावर?"

"अवं, तिकडं बघा."

"काहून?"

"त्या पांढऱ्या गाडीपाशी आपली मोहिनी हाय. कडेवर लेकरू हाय तिच्या."

संपतरावांनी रिसीव्हर माझ्या हातात कोंबला आणि दोघं रस्त्यापलीकडं धावत सुटली.

"मामाजी, ऐकून राहिले ना?" फोनमधून आवाज आला.

"ते येऊन राहिले," मी म्हणालो.