गोदाक्का पायरीखाली

मंडळी, आज एक अवघड प्रश्न विचारतो. देहातून नको तिथून रक्त गेलं, तर माणसानं जावं कुणाकडं? हसू नका बायांनो, आणि पुरुषांनो, माना खाली घालू नका. ऐका.

गोदाक्का ही साठी ओलांडलेली विधवा. महादेवाला बेल वाहिल्याशिवाय चहा घेत नसे. एके सकाळी लुगड्याला रक्ताचा डाग. बाई चक्रावली. पाळी जाऊन वर्षं लोटली, मग हे कुठलं? सून नीलावती घरातच — पण सुनेपुढं हे बोलायचं कसं?

गेली देवळात. पायरीखालीच थांबली. “रामा, मी आत येऊ का नको?”

“का हो, आक्का?”

“तसलं झालंय.”

रामा गुरव गोंधळला. “या वयात? थांबा, पंचांग बघतो.” आता पंचांगात काय सापडणार, मंडळी? बिचाऱ्यानं पानं चाळली न् म्हणाला, “चार दिवस बाहेर बसा, मग न्हाऊन या.”

आक्का बसली, न्हाली, आली — पुन्हा डाग. परत फिरली. श्रावण असाच सरला. तिला वाटे, माझ्या हातून पाप तरी कुठलं घडलं? शेजारीण म्हणाली, उष्णता असेल, ताक पी. ताक पिऊन झालं. रक्त जातच होतं. आता विहिरीपर्यंत जाताना धाप लागे.

एका दुपारी नीलावतीनं पाहिलं — सासू भिंतीची माती खरवडून खातेय. “आत्याबाई, हे काय?”

“राहवत नाही गं.” आणि रडायला लागली. मग सगळं सांगितलं. सुनेनं तिला तशीच सरकारी दवाखान्यात नेली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “रक्त नेमकं कुठून जातं?”

“मला काय ठाऊक? मी कधी बघितलंच नाही.”

“संडासला बसता तेव्हा?”

आक्कानं पदर तोंडावर ओढला. “तवाच जास्ती.”

बाईंनी तपासलं. “ही पाळी नव्हे, आक्का. गुदद्वारातून जातंय. अंगातलं रक्त फार कमी झालंय, म्हणून माती खावीशी वाटते. मूळव्याध असेल, आतड्यात कोंब, म्हणजे मांसाची बारीक गाठ असेल, आणखीही काही असेल. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.”

पाहा, शिकलेली बाई म्हणाली — मला अजून कळलं नाही. आणि आपण? न कळताच ताक पाजतो.

जिल्ह्याच्या दवाखान्यात रक्त चढवलं, नळी घालून आतडं पाहिलं. कोंब निघाला, तो काढला. वेळेत आली, तिथले डॉक्टर म्हणाले. कोंब तसाच राहिला असता तर पुढं कॅन्सरचं वळण लागलं असतं.

घरी येताना आक्का म्हणाली, “नीला, तो विटाळ नव्हताच. मग एवढे दिवस मी बाहेर का उभी होते?”

हा प्रश्न मी तुमच्यापुढं ठेवतो, मंडळी.

पण आज घरी गेल्यावर आईजवळ, सासूजवळ जरा बसा. विचारा, अंगात बरं आहे ना? ती म्हणेल, “काही नाही.”

तिथून लगेच उठू नका.